क्लच ठेवायचा की सोडायचा? घाटात चालणाऱ्या गाडीला कोणता गिअरबॉक्स परवडतो

बेळगाव : दसरा-दिवाळी तोंडावर आली की गाडी घेणाऱ्या घरांत एकच वाद रंगतो. मॉडेल ठरलेले असते, रंगही ठरलेला असतो. अडते ते गिअरवर. मुलगा म्हणतो, "ऑटोमॅटिकच घेऊया, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही." वडील म्हणतात, "ऑटोमॅटिक चोर्ला घाट चढणार काय? आणि बिघडली की इथं कोण बघणार?" आईला गुडघेदुखी असते, तिला क्लच नकोच असतो. शोरूममधला सेल्समन मात्र सगळ्यांना एकच शब्द ऐकवतो, "ऑटोमॅटिक आहे की साहेब!"

गोंधळ इथूनच सुरू होतो. ऑटोमॅटिक या एका शब्दाखाली आज चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. त्यांची किंमत वेगळी, स्वभाव वेगळा आणि बिघाडाचा खर्चही वेगळा. बेळगावहून गोव्याला जायचे तर चोर्ला, अनमोड किंवा आंबोली यांपैकी एक घाट लागतोच. इंदूरहून मुंबईकडे निघणाऱ्याला मानपूरचा घाट आहे. वडोदऱ्यात सगळा सपाट रस्ता, तर हैदराबादेत तासन् तास रांगणारी वाहतूक. ज्याचा रस्ता जसा, तसा त्याचा गिअरबॉक्स. म्हणूनच लाख-सव्वा लाख जास्त मोजण्याआधी आत काय बसवलेले आहे, हे समजून घेतलेले बरे.

गिअरबॉक्स मुळात कशासाठी?

पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाची एक मर्यादा असते. ते अगदी हळू फिरले तर बंद पडते आणि फार जोरात फिरवले तर तुटायची भीती. पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ७००-८०० फेरे घेते आणि सहा हजारांच्या आसपास त्याची हद्द येते. त्याची खरी ताकद मधल्या पट्ट्यातच मिळते. चाकाला मात्र शून्यापासून शंभर किलोमीटरच्या वेगापर्यंत सगळे काही हवे असते. या दोघांची सांगड घालतो तो गिअरबॉक्स.

गिअरची सायकल चालवलेल्याला हे लगेच कळेल. चढावर हलका गिअर टाकला की पाय जास्त फिरतात, पण जोर कमी लागतो. सपाटीला जड गिअर टाकला की एका पायडलमध्ये सायकल लांब जाते. गाडीतही तेच. छोट्या गाडीत पहिल्या गिअरला चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिन चौदा-पंधरा फेरे घेते. वरच्या गिअरला तेच काम तीन-साडेतीन फेऱ्यांत होते.

दुसरी गरज असते इंजिन आणि चाक यांना काही क्षण वेगळे करण्याची. सिग्नलला गाडी थांबली तरी इंजिन चालू राहिले पाहिजे आणि गिअर बदलतानाही जोर तुटला पाहिजे. मॅन्युअल गाडीत हे काम क्लच करतो. हे वेगळे करणे आणि गिअर बदलणे, ही दोन कामे कोण करतो आणि कशी करतो, एवढाच सगळ्या प्रकारांतला फरक आहे.

मॅन्युअल : जुना, पण जाणता

मॅन्युअलमध्ये दोन्ही कामे चालकाची. डाव्या पायाने क्लच, डाव्या हाताने गिअर. क्लच प्लेट ही इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. क्लच दाबला की पकड सुटते, सोडला की पुन्हा बसते. पूर्वी गिअर बदलताना दात घासून करकर आवाज यायचा. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले आणि दोन दातेरी चाकांचा वेग आधी जुळवून मग त्यांना जोडण्याची सोय झाली. आजच्या मॅन्युअल गाड्या याच तत्त्वावर चालतात.

फायदे सगळ्यांना माहीत आहेत. किंमत कमी. दुरुस्ती निपाणीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजात होते. बॅटरी उतरली तर चौघांनी ढकलून गाडी सुरू करता येते. घाटात कोणता गिअर ठेवायचा हे पूर्णपणे चालकाच्या हातात.

तोटा दोन ठिकाणी जाणवतो. एक, गर्दीत. खडेबाजार-गणपत गल्लीतून संध्याकाळी गाडी काढायची म्हणजे क्लच किती वेळा दाबला याची गणती राहत नाही. दोन, हाफ क्लचची सवय. चढावर गाडी थांबली की अनेकजण ब्रेक न लावता क्लच अर्धा सोडून आणि अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवतात. त्या वेळी क्लच प्लेट सतत घासत असते आणि जळका वास येतो तो तिचाच. नीट वापरली तर क्लच प्लेट लाख किलोमीटरही जाते आणि हाफ क्लचवर चालवणाऱ्याच्या हाती ती त्याच्या निम्म्याआधीच बदलावी लागते. प्लेट तीच, फरक पायाचा.

एएमटी : मॅन्युअलच, पण रोबोच्या हातात

भारतात ऑटोमॅटिक खरे घरोघरी पोचवले ते एएमटीने. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि छोट्या, स्वस्त गाडीत क्लचशिवाय गाडी चालवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी हाच मार्ग धरला. कोणी त्याला एजीएस म्हणते, कोणी एएमटी. आतले यंत्र एकच.

एएमटीचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच प्लेट असते, तीच दातेरी चाके असतात. फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे माणसाऐवजी मोटरवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते आणि तिला हुकूम देतो संगणक. त्यामुळे किंमत कमी राहते आणि मायलेजही मॅन्युअलच्या जवळपास मिळते.

यातूनच त्याचे दोष कळतात. गिअर बदलताना क्षणभर जोर तुटतो, म्हणून डोके पुढे झुकते. लोक त्याला झटका म्हणतात. हा बिघाड नव्हे, यंत्राचा स्वभाव आहे. गिअर बदलायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल केला तर झटका बराच कमी होतो. ओव्हरटेक करताना मात्र सावध राहायला हवे. पाय दाबल्यावर खालचा गिअर पडायला एएमटी वेळ घेते आणि दोन पदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना तो एक सेकंद फार मोठा असतो. अशा वेळी आधीच मॅन्युअल मोडवर घेऊन गिअर खाली करावा, मगच बाहेर निघावे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पायाखाली क्लच नाही म्हणजे गाडीत क्लच नाही, असा अनेकांचा समज असतो. एएमटी गाडी चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवली तर तो हाफ क्लचच झाला. फरक इतकाच की तो पायाला जाणवत नाही. प्लेट तापते, डॅशबोर्डवर इशारा येतो आणि तिकडे दुर्लक्ष केले तर गाडी जोर देणे थांबवते. घाटातल्या रांगेत थांबायचे तर पाय ब्रेकवर ठेवावा, नाहीतर हँडब्रेक ओढावा. आणखी एक, बहुतेक एएमटीत पार्किंगचा 'पी' नसतो. गाडी उभी करताना ती गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचे आणि हँडब्रेक ओढायचा. न्यूट्रलवर ठेवून उतरलेली गाडी उतारावर निघून जायला वेळ लागत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर : तेलावर चालणारा भरवशाचा गडी

जुने लोक ज्याला खरे ऑटोमॅटिक म्हणतात ते हे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आणला. त्यात तेलातून जोर पोचवण्याची साधी सोय होती. पुढे त्याच घराण्यात टॉर्क कन्व्हर्टर रूढ झाला.

याचे तत्त्व घरीच बघता येते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. एक पाते इंजिनाला जोडलेले, दुसरे गिअरबॉक्सला आणि मध्ये तेलाची दिशा वळवणारे तिसरे पाते. या तिसऱ्या पात्यामुळे गाडी सुटताना इंजिनाचा जोर वाढूनच चाकाकडे जातो. दोन भागांमध्ये घासणारी क्लच प्लेट नसल्याने चढावर हळू रांगताना प्लेट जळण्याचा प्रश्न येत नाही. ब्रेक सोडला की गाडी आपणहून सावकाश पुढे सरकते आणि अवघड चढावरही सहसा मागे घरंगळत नाही.

तेल घुसळले जाते तेव्हा थोडी शक्ती वाया जाते. त्यामुळे जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांची पेट्रोल पिण्याची ख्याती होती. आजच्या गाड्यांत ठरावीक वेगानंतर दोन्ही भाग एकमेकांना घट्ट जोडणारा लॉकअप क्लच असतो आणि गिअरही सहा किंवा त्याहून जास्त असतात. मायलेजमधला फरक त्यामुळे बराच आटला आहे. किंमत मात्र एएमटीपेक्षा चांगलीच जास्त. गिअरबॉक्सचे तेल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे हवे आणि वेळेवर बदलायला हवे. त्यात काटकसर केली तर हा भरवशाचा गडीही दगा देतो.

सीव्हीटी : आपल्या स्कूटरचीच मोठी बहीण

सीव्हीटी हे नाव परके वाटते, पण यंत्र आपल्या ओळखीचे आहे. बिनगिअरची स्कूटर ज्या घरात आहे त्या घरात सीव्हीटी आहे. इंदूरच्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. १९८४ मध्ये आलेली कायनेटिक होंडा शेजारच्या पीथमपूरलाच बनायची आणि गिअर न बदलता चालणारी स्कूटर म्हणून तिने साऱ्या देशाला सवय लावली. मोटारीत ही कल्पना हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये आणली होती, तेव्हा रबरी पट्ट्यांवर.

यात गिअरच नसतात. दोन शंकूच्या आकाराच्या कप्प्या आणि त्यांच्यावर एक पट्टा. कप्पीच्या दोन बाजू जवळ-दूर सरकतात, तसा पट्टा वर-खाली होतो आणि गिअरचे प्रमाण अखंड बदलत राहते. मोटारीत हा पट्टा पोलादी असतो. पायऱ्याच नसल्याने झटका नाही. शहरात याच्याइतकी मऊ चाल दुसऱ्या कशाची नाही आणि इंजिन नेहमी सोयीच्या फेऱ्यांवर ठेवता येत असल्याने शहरातले मायलेजही चांगले.

तक्रार येते ती आवाजाची. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. रबर ताणल्यासारखे वाटते. घाट चढताना, पाच माणसे आणि डिकीभर सामान असताना हे जास्त जाणवते. गाडी चढत नाही असे नाही. ती चढते, पण ओरडत चढते. पाय हळूहळू दाबणाऱ्याला सीव्हीटी आवडते, रेटून चालवणाऱ्याला ती चिडवते.

डीसीटी : चपळ, पण तापट

डीसीटी म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा आधीच तयार करून ठेवलेला असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा बसतो. जोर तुटतच नाही. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस याने ही कल्पना १९३९ च्या सुमारास मांडली, पण ती मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली २००३ मध्ये, फोक्सवॅगनच्या गोल्फ गाडीत. आपल्याकडे २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआयने ती छोट्या गाडीत आणली. ही पोलो पुण्याजवळच्या चाकणला बनायची.

हायवेवर डीसीटीला तोड नाही. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ओव्हरटेक करताना पाय दाबताच गाडी झेपावते. खरी परीक्षा होते ती रांगणाऱ्या गर्दीत. डीसीटीत क्लच प्लेटा असतात आणि सुक्या प्रकारात त्यांना थंड करायला तेल नसते. दोन मीटर पुढे, थांब. दोन मीटर पुढे, थांब, असे तासभर चालले की त्या तापतात. तेलात बुडालेल्या क्लचचा प्रकार ही उष्णता जास्त चांगली पेलतो. म्हणून डीसीटी घेताना 'ओला क्लच की सुका?' हा प्रश्न शोरूममध्ये जरूर विचारावा. उत्तर देता आले नाही तर गाडीच्या माहितीपत्रकात पाहावे.

आणि दुरुस्ती? ती गल्लीतल्या गॅरेजचे काम नव्हे. आतला नियंत्रण भाग गेला तर बिल हजारांत थांबत नाही, लाखाच्या घरात जाऊ शकते. वॉरंटी वाढवून मिळत असेल तर ती डीसीटीवर घ्यावीच.

आयएमटी आणि इलेक्ट्रिक

मधला एक मार्ग २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत आला, आयएमटी. यात क्लचचे पायडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचा. लिव्हरला हात लागला की सेन्सर ओळखतो आणि क्लच आपोआप दाबला जातो. गुडघा दुखतो पण गिअरवरचा ताबा सोडवत नाही, अशांसाठी हा पर्याय ठीक. मात्र मोजक्याच गाड्यांत तो मिळतो.

इलेक्ट्रिक गाडीत हा सगळा वादच संपतो. विजेची मोटर शून्य वेगालाही पूर्ण जोर देते आणि खूप वेगानेही फिरू शकते. म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एकच गिअर असतो. उतारावर मोटर उलट काम करून बॅटरीत वीज भरते आणि गाडीही धरून ठेवते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर भरायला जागाच नसते आणि ही धरण्याची ताकद कमी होते. चार्जिंग पूर्ण करून लगेच घाट उतरणाऱ्याने ब्रेकवर जास्त लक्ष ठेवावे.

खरा प्रश्न चढण्याचा नव्हे, उतरण्याचा

"ऑटोमॅटिक घाट चढेल का?" हा प्रश्न सगळे विचारतात. चांगल्या स्थितीतली कुठलीही गाडी घाट चढते. जिवाशी खेळ होतो तो उतरताना.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पणजी समुद्राला लागून. माणसे-सामानासह १,४०० किलो भरणारी गाडी एवढी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे ३० लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल इतकी असते. त्यातली काही वारा आणि टायर खातात. उरलेली कोणीतरी पेलायला हवी, एकतर इंजिनाने किंवा ब्रेकने. सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक पॅड तापतात, त्यांची पकड ढिली होते आणि पायडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते.

म्हणून उपाय एकच, उतारावर खालचा गिअर. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. मॅन्युअलवाल्याला तो माहीत असतो. ऑटोमॅटिकवाला मात्र 'डी'वर ठेवून निवांत बसतो, पाय सतत ब्रेकवर. एएमटी आणि डीसीटीत मॅन्युअल मोड असतो, त्यावर घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरावा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये गाडीनुसार 'एल', '२' किंवा मॅन्युअल मोड असतो. सीव्हीटीत 'एल' किंवा 'एस'. नवी गाडी घेतल्यावर ही अक्षरे काय करतात, ते घाटात जाण्याआधी सपाट रस्त्यावर एकदा करून बघावे.

सर्वांत वाईट सवय म्हणजे उतारावर न्यूट्रल. "पेट्रोल वाचतंय की!" असे म्हणणारे अजून भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेबच उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे पेट्रोल तात्पुरते थांबते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलवर टाकले तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. म्हणजे पेट्रोलही जाते आणि इंजिनाचा ब्रेकही जातो.

चढताना लक्षात ठेवायची बाब वेगळी. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. तरी थांबायची वेळ येतेच आणि मग पुन्हा सुटताना गाडी मागे येते. हिल होल्डची सोय असेल तर ब्रेक सोडल्यावरही गाडी दोनेक सेकंद धरून ठेवली जाते. चोडण-दिवाडीच्या फेरीबोटीच्या रॅम्पवर, पुढे गाडी आणि मागे पाणी असताना, या दोन सेकंदांची किंमत कळते. मॅन्युअल आणि एएमटी घेणाऱ्याने ही सोय असलेले मॉडेल शक्यतो निवडावे.

गाडी बंद पडली तर? ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही, हे गृहीत धरावे. बॅटरी उतरली तर जंप केबल हवी. दोरी बांधून ओढत नेणे तर टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीला घातकच. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप चालत नाही आणि चाके फिरत राहिल्याने भाग कोरडे घासतात. अशी गाडी क्रेनवर पुढची चाके उचलून किंवा सपाट ट्रकवर घालूनच न्यावी. आधी गाडीचे पुस्तक बघावे, मगच दोरीला हात घालावा.

पैशाचा हिशेब

ढोबळमानाने, एकाच मॉडेलमध्ये एएमटीला मॅन्युअलपेक्षा ५० हजारांच्या आसपास जास्त पडतात. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डीसीटीला लाख ते दीड लाख. पण कागदावरचा फरक आणि खिशातून जाणारा फरक सारखा नसतो.

समजा हा जादा पैसा कर्जातूनच दिला, ९ टक्के व्याज आणि ५ वर्षांची मुदत. ५० हजारांसाठी महिना सुमारे १,०३८ रुपये हप्ता वाढतो आणि शेवटी सुमारे ६२,३०० रुपये भरले जातात. सव्वा लाखासाठी हप्ता सुमारे २,५९५ रुपयांनी वाढतो आणि एकूण भरणा १ लाख ५५ हजार ७०० च्या घरात जातो. म्हणजे सव्वा लाखावर तीस हजारांहून जास्त व्याज.

रस्ता कर गाडीच्या किमतीवर असतो, त्यामुळे किंमत वाढली की करही वाढतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे १० लाखांचा टप्पा ओलांडला की कराचा दरच वर चढतो. मॅन्युअल साडेनऊ लाखांची आणि ऑटोमॅटिक साडेदहाची असेल, तर वाढीव दर वरच्या ५० हजारांवर नव्हे, सगळ्या किमतीवर लागतो. विमाही थोडा वाढतो. कोटेशन मागताना दोन्ही गाड्यांची 'ऑन रोड' किंमत शेजारी शेजारी लिहून घ्यावी.

पेट्रोलचा फरक? वर्षाला १२ हजार किलोमीटर, पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या गाडीला वर्षाला सुमारे ६६,७०० रुपये लागतात, १६ देणारीला ७५ हजार. वर्षाला सव्वाआठ हजारांचा फरक. एएमटीत हा फरक सहसा इतका पडत नाही. जड गाडी, जड पाय आणि शहरातली गर्दी असेल तर तो याहून वाढूही शकतो.

दुसऱ्या बाजूला विक्रीची किंमत. पूर्वी जुनी ऑटोमॅटिक कोणी घेत नसे. आता शहरांत तिला गिऱ्हाईक मिळते, खेड्यापाड्यांत अजून मॅन्युअलच चालते. चंदगड-खानापूर भागात विकायची असेल तर हे ध्यानात धरावे.

जुनी ऑटोमॅटिक घेताना

गाडी थंड असतानाच सुरू करून बघावी, विक्रेत्याने आधी तापवून ठेवलेली नव्हे. 'डी' आणि 'आर' मध्ये टाकल्यावर जोराचा धक्का बसतो का, गाडी सुटायला उशीर करते का, चढावर थरथरते का, हे तपासावे. सर्व्हिस बुकात गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची नोंद शोधावी. एएमटीत क्लच कधी बदलला ते विचारावे. अर्धा तास तरी चालवावी, त्यात दहा मिनिटे गर्दीची असावीत. दोष गरम झाल्यावरच बाहेर पडतात.

मग घ्यायचे काय?

वर्षाकाठी पाच-सात हजार किलोमीटरच फिरणाऱ्याला आणि पायाची तक्रार नसलेल्याला मॅन्युअल पुरते. वाचलेले ५० हजार टायर आणि विम्याला कामी येतील.

रोज शहरात फिरणे, कधीमधी घाट आणि बजेट तंग असेल तर एएमटी. फक्त तिचा स्वभाव शिकून घ्यावा आणि ती चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर धरू नये.

सपाट शहर, रोजची गर्दी आणि शांतपणे चालवणारा हात असेल तर सीव्हीटी. वडोदरा, हैदराबादसारख्या ठिकाणी ती शोभते.

पंधरवड्याला गोवा, भरलेली गाडी, घरात दोन-तीन चालक आणि आठ-दहा वर्षे गाडी ठेवायचा विचार असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

हायवेवर जास्त फिरणे, गाडी चालवण्याची हौस आणि सर्व्हिस सेंटर जवळ असेल तर डीसीटी, तीही वाढीव वॉरंटीसह.

घरातला गुडघेदुखीचा माणूसच रोजचा चालक असेल, तर मात्र सगळा हिशेब बाजूला ठेवावा. त्याच्यासाठी क्लच नसणे ही चैन नव्हे, गरज आहे.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले नेहमी समोरच्या रुंद रस्त्यावर नेतात. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. आपण आग्रह धरावा की एक चढ हवा आणि एक गर्दीचा रस्ता हवा. चढावर गाडी पूर्ण थांबवावी, पुन्हा सोडावी. घरातले जे जे चालवणार आहेत त्या प्रत्येकाला एकदा बसवावे. वडिलांची शंका आणि मुलाचा हट्ट, दोन्हींचे उत्तर त्या एका चढावर मिळून जाते.